सही आली, पण वाचता येते का?
(वर्धापनदिनी केलेले भाषण)

माझे शिक्षण सातवीपर्यंतच. पण आपल्या साक्षरता वर्गात शिकविताना काही गोष्टी पटल्या. प्रौढ बाईला 'अ, आ' गिरवीत बसवू नये. आधी तिचे नाव लिहावयास द्यावे, मग मीठ, डाळ, तेल. चूक हळूच सांगावी. चारचौघींत लाजली की ती उद्या येत नाही. यश मात्र सर्वांदेखत सांगावे. १९५९ साली सातारा जिल्ह्यात सुरू झालेल्या ग्रामशिक्षण मोहिमेत साक्षर गावाचा ग्रामगौरव समारंभ होई, तो उगाच नव्हे.

पण न वाचता केलेली सही आणि अंगठा यांत फरक काय? एस्.टी.ची पाटी, वाण्याचा हिशेब, जमिनीचा कागद वाचून तिने अर्थ सांगितला, तरच ती पास. शेजारणीला उद्या वर्गाला आणा, एवढीच विनंती.