परदेशी रात्रीचा निवारा
(वार्षिक संमेलनात पवनार येथे केलेले भाषण)



परदेशगमन ही आता आपल्या ज्ञातीत नवलाची गोष्ट राहिलेली नाही. मुलेमुली शिक्षणासाठी वा नोकरीसाठी समुद्रापार गेली आहेत आणि त्यांच्यामागून आमच्यासारखी वयस्क मंडळीही जाऊ लागली आहेत. तेव्हा तेथील राजवाड्यांचे वर्णन न करता, ऐन वेळी रात्री पाठ टेकण्यास स्वस्त जागा कशी मिळवावी, या साध्या प्रश्नाविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्ही मागतो.

हा विषय पवनारास अगदीच परका नाही. याच धाम नदीकाठच्या आश्रमातून १९५१ च्या सप्टेंबरात विनोबा दिल्लीच्या वाटेने पायी निघाले, ते १९६४ साली येथे परतले. मधली तेरा वर्षे रोज नवे गाव आणि रोज नवा निवारा! १९६२ मध्ये तर ते पूर्व पाकिस्तानातूनही चालत गेले. त्याच वर्षी सतीश कुमार आणि ई. पी. मेनन हे दोन तरुण शांतियात्रेस दिल्लीहून पायी निघाले. जवळ पैसा बाळगू नका, असा सल्ला विनोबांनी त्यांस दिला होता. खिशात पैसा असला की माणूस सरळ हॉटेलात जाऊन निजतो. नसला की कोणाचे तरी दार ठोठवावे लागते आणि दार उघडले की बोलणे होते, हे त्यामागील मर्म. दोघे मॉस्को, पॅरिस, लंडन करीत वॉशिंग्टनपर्यंत पोहोचले. पॅरिसमध्ये त्यांस सरकारी कोठडीचाही पाहुणचार घडला, ही गोष्ट निराळी.

आम्ही काही यात्रिक नव्हे. आमच्या खिशात पैसा होता. तरीही जागा मिळाली नाही! काही वर्षांपूर्वी ऑक्टोबर महिन्यात आम्ही व आमच्या सौभाग्यवती जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहरी रात्री नऊच्या सुमारास उतरलो. ज्या हॉटेलात खोली राखून ठेवली होती, तेथील कारकुनाने वही चाळून आमचे नाव नाही असे शांतपणे सांगितले. त्या आठवड्यात तेथे पुस्तकांची प्रसिद्ध जत्रा भरली होती, हे आमच्या गावीही नव्हते. पुढील चार हॉटेलांत एक तर जागा नव्हती, नाही तर एका रात्रीचे भाडे आमच्या आठवड्याच्या खर्चाइतके होते. थंडी वाढू लागली. सौभाग्यवती काही बोलत नव्हत्या, आणि त्यांचे न बोलणे आम्हांस थंडीहून अधिक झोंबत होते.

अखेर स्टेशनावरील एका विद्यार्थ्याने तरुणांच्या वसतिगृहाची वाट दाखविली. शिर्मान नावाच्या जर्मन शिक्षकाने १९०९ साली, सहलीवरील मुलांसह वादळात सापडून एका शाळेत रात्र काढली असता, अशा वसतिगृहांची कल्पना प्रथम मनात आणली. १९१२ साली आल्टेना येथील गढीत पहिले कायमचे वसतिगृह निघाले. नाव तरुणांचे असले तरी आमच्या पांढऱ्या केसांस कोणी हरकत घेतली नाही. सौभाग्यवती स्त्रियांच्या दालनात गेल्या; आम्हांस सहा जणांच्या खोलीत वरचा पलंग मिळाला. साठीनंतर शिडीने चढून निजावयाचा तो आमचा पहिलाच प्रसंग!

त्या रात्रीपासून आम्ही चौकशी करू लागलो. हॉटेलवाल्याची रिकामी खोली ही संध्याकाळच्या बाजारातील भाजीसारखी असते. रात्र उलटली की तिचे मोल संपले. म्हणून कित्येक ठिकाणी आयत्या वेळी दर उतरतात. परंतु जत्रा, सामने वा सणवार असले म्हणजे तेच दर चढतात. यास्तव तारखा ठरविण्यापूर्वी त्या शहरात काय भरले आहे ते पाहावे. पहिल्या रात्रीचा मुक्काम तर पक्का असावाच, आणि तो आहे ना, असे निघण्यापूर्वी पुन्हा विचारून घ्यावे. युरोपातील शेंगेन राष्ट्रांच्या व्हिसासाठी मुक्कामाचा पुरावाही द्यावा लागतो. भाव करण्याची हौस दुसऱ्या रात्रीपासून भागवावी. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठे उन्हाळ्याच्या सुटीत वसतिगृहांतील खोल्या प्रवाशांस देतात. लंडनला हिंदी विद्यार्थ्यांसाठी १९२० साली निघालेले इंडियन वाय.एम.सी.ए.चे वसतिगृह आज फिट्झरॉय स्क्वेअरमध्ये आहे.

काही बांधव म्हणतील, परदेशी आपल्याच ज्ञातीची घरे शोधावीत. ती शोधावीतच. पण १८८३ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या धक्क्यावर त्यांस उतरवून घ्यावयास आलेल्या कार्पेंटरबाई ना ज्ञातीच्या होत्या, ना धर्माच्या. एका मासिकातील गोपाळरावांचे पत्र वाचून त्यांनी आपणहून पत्रव्यवहार सुरू केला, आणि रोझेल गावी स्वतःच्या घरी अठरा वर्षांच्या या मुलीस मुलीसारखे ठेवून घेतले. एवढ्या दूरचे ते दार पत्रांनी आधीच उघडून ठेवले होते. आमच्याजवळ फ्रँकफुर्टमध्ये असा एकही पत्ता नव्हता.

म्हणून आमची एक विनंती आहे. कार्यवाहांच्या मेजावर आम्ही एक कोरी वही ठेविली आहे. ज्यांचे आप्त परदेशी आहेत, त्यांनी त्या आप्तांची संमती घेऊन गावाचे नाव, पत्ता आणि अडलेल्यास एक रात्र ठेवून घेता येईल किंवा कसे, एवढे तीत लिहावे. अडलेला आपल्या ज्ञातीचा असावा, अशी अट कृपया घालू नये. आज सकाळपर्यंत दोन पत्ते आले आहेत. त्यांपैकी एक आमच्या धाकट्या मुलाचा आहे, आणि त्याच्याकडे निजावयास केवळ एक सोफा आहे.