नळांत राहिलेली जुनी खूण



छत्रपती संभाजीनगरांत राहून पाणचक्की पाहिली नाहीं असा मनुष्य विरळा. दूरचें पाणी मातीच्या नळांतून आणावयाचें, हौदांत सांठवावयाचें आणि लागेल तसें घ्यावयाचें, ही युक्ति आपल्या शहरास जुनी आहे. संगणकाचीहि व्यवस्था अशीच असते. तबकडी हा दूरचा झरा. तेथून मजकूर आणण्यास वेळ लागतो. म्हणून कर्नेल, म्हणजे यंत्राचा सारा कारभार पाहणारा कार्यक्रम, एकदां आणिलेला मजकूर स्मृतींतील हौदांत ठेवितो. या हौदास ‘पेज कॅश’ म्हणतात. पुढें जो कोणी ती फाइल मागेल त्यास हौदांतलीच प्रत मिळते. हौद नासला कीं साऱ्यांच्या घागरी नासल्या.

एप्रिल २०२१ मध्यें जर्मनीतील प्रोग्रामर मॅक्स केलरमान यांच्याकडे एक क्षुल्लक तक्रार आली. संकेतस्थळाच्या नोंदींची दाबून ठेवलेली एक फाइल उलगडत नव्हती. त्यांनीं ती हातानें दुरुस्त केली व प्रकरण मिटविलें. पण कांहीं महिन्यांनीं पुन्हां तेंच, आणि पुन्हां तेंच! बिघाड बहुधा महिन्याच्या अखेरच्या दिवसाच्या फाइलींत, आणि नेहमीं शेवटच्या आठच बाइटांत. त्या बाइटांचा आरंभ ‘पी’ आणि ‘के’ या अक्षरांनीं होई. हीं झिप पद्धतीचे जनक फिल कॅट्झ यांचीं आद्याक्षरें. महिनाभराच्या नोंदींचें झिप-गाठोडें बांधणारा एक कार्यक्रम त्या यंत्रावर होता खरा. परंतु त्याला नोंदी केवळ वाचण्याचा अधिकार होता, लिहिण्याचा मुळींच नव्हता. मग लिहिलें कोणीं?

लिनक्समध्यें एका कार्यक्रमाकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणाऱ्या मार्गास ‘पाइप’ म्हणजे नळच म्हणतात. या नळांत कप्पे असतात. वेळ वांचावा म्हणून कर्नेल कधीं कधीं मजकुराची नक्कल न करितां हौदांतलें पानच कप्प्यास जोडून देतें. कप्प्याचें पान नळाचें स्वतःचें असेल, तर ‘येथें पुढें आणखी लिहिण्यास हरकत नाहीं’ अशी खूण त्यावर असते. हौदांतलें पान जोडतांना ती खूण पुसावयास हवी होती. ती पुसली जात नव्हती. कप्प्याच्या पूर्वीच्या वापराची खूण तशीच राहून जाई. परिणामीं गाठोड्याची शेवटची यादी नळांत लिहिली कीं ती थेट नोंदींच्या पानावर उमटे. ही यादी सर्व फाइलींनंतर येते. म्हणून मार महिन्याच्या अखेरच्या दिवसास!

येथवर हें नुसतें कुतूहल वाटेल. परंतु जी गोष्ट अपघातानें घडते ती हेतुपुरस्सरहि घडवितां येते. ज्यास एखादी फाइल केवळ वाचतां येते, असा कोणताहि सामान्य वापरकर्ता ती बदलूं शकत होता; मग ती परवलीच्या शब्दांची यादी कां असेना. शिवाय असें बदललेलें पान ‘मळलें’ म्हणून नोंदलें जात नसे. तें दुसऱ्या कारणानें तबकडीवर उतरलें नसेल, तर यंत्र बंद करून पुन्हां सुरू करितांच पुरावाहि नाहींसा!

चूक २०१६ सालच्या कर्नेलांत शिरली होती आणि २०२० मधील ५.८ या आवृत्तीपासून ती घातक झाली. केलरमान यांनीं तिचें मूळ १९ फेब्रुवारी २०२२ रोजीं गांठलें व दुसऱ्याच दिवशीं तोडगा पाठविला. अँड्रॉइड फोनहि याच कर्नेलावर चालतात. पिक्सेल ६ वर तो दोष लगेच प्रत्ययास आला. २३ फेब्रुवारीस दुरुस्त आवृत्त्या निघाल्या आणि ७ मार्च रोजीं सारी हकीकत ‘डर्टी पाइप’ या नांवानें जाहीर झाली. तोडगा होता दोन ठिकाणीं एकेक ओळ घालण्याचा: कप्पा भरण्यापूर्वीं जुनी खूण पुसून टाका.