पाचपैकी पाच, आणि पुढे?

(वसंत व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



पत्रिकेवर माझा विषय ‘अमेरिकेतलं वैद्यकीय शिक्षण’ असा छापलाय. विषय अवाढव्य, आणि मला दिलेला वेळ पाऊण तास. म्हणून मी त्यातला एकच कोपरा धरणार आहे, गणिताचा. (हशा) तुम्ही हसलात, कारण मी गणिताचा मास्तर आहे हे ओळख करून देताना सांगून झालंय. न्यू जर्सीत हायस्कूलच्या मुलांना कॅल्क्युलस शिकवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. डॉक्टर व्हायचं ठरवलेली मुलं आणि त्यांचे आईबाप मी फार जवळून पाहिले. त्यात आपली मराठी मुलं पुष्कळ. इथे कोणाकोणाची नातवंडं तिकडे शिकतात? हात वर करा बघू. पाहा, निम्मं सभागृह!

तिकडची पद्धत तुम्हाला पाठ आहे. चार वर्षं कॉलेज, एमकॅट ही प्रवेश परीक्षा, चार वर्षं मेडिकल स्कूल, मग रुग्णालयातलं प्रशिक्षण, म्हणजे रेसिडेन्सी.   माझी गोष्ट याच्या अलीकडे सुरू होते, हायस्कूलच्या शेवटच्या दोन वर्षांत.

कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाच्या परीक्षा चालवते. सगळे ‘एपी’ म्हणतात. कॉलेजातला विषय हायस्कूलमध्येच शिकायचा आणि मे महिन्यात परीक्षा द्यायची. आपण इथे बसलोय, तिकडे हाच परीक्षांचा हंगाम. गुण एक ते पाच, पाच सर्वांत वरचे. कॅल्क्युलसच्या परीक्षा दोन, एबी आणि बीसी. एबीत साधारण एका सत्राचं कॉलेजचं कॅल्क्युलस येतं, बीसीत दोन सत्रांचं. जुलैत निकाल लागतो आणि माझा फोन वाजायला लागतो. “सर, पाच आले! आता मेडिकलसाठी लागणारं गणित संपलं ना?”

या प्रश्नाचं नीट उत्तर आधी देतो, कारण घाईत चुका होतात त्या इथेच. पाच गुण मिळाले म्हणजे क्रेडिट मिळालं असं नाही. क्रेडिट, म्हणजे तो विषय कॉलेजात झाला अशी मान्यता, देतं कॉलेज, आणि प्रत्येक कॉलेजचा नियम निराळा. एमआयटी बीसीतल्या पाचाला पहिल्या सत्राच्या कॅल्क्युलसचं क्रेडिट देते. कॅलटेक काहीच देत नाही. डार्टमथने देणं बंद केलं. काही कॉलेजं म्हणतात, तू थेट वरच्या वर्गात बस, पण क्रेडिट मिळणार नाही. मेडिकलच्या अर्जाच्या दृष्टीने या दोन गोष्टींत फार अंतर आहे. बहुतेक मेडिकल स्कूलचे अर्ज ॲमकास नावाच्या एकाच खिडकीतून जातात, आणि तिथे एपीचं क्रेडिट धरायचं तर ते कॉलेजच्या गुणपत्रकावर उतरलेलं असावं लागतं. कॉलेज बोर्डाचा निकाल नुसता दाखवून भागत नाही.

त्यानंतर मेडिकल स्कूलची मर्जी, कारण प्रवेशासाठी गणिताची अट ठेवायची की नाही ते तीच ठरवते. एखादी शाळा एपीचं क्रेडिट सरळ मान्य करते. दुसरी म्हणते, मान्य, पण त्याच्या पुढचा एक गणिताचा विषय कॉलेजात करून ये. तिसरीला कॅल्क्युलसशी देणंघेणं नाही, तिला स्टॅटिस्टिक्स हवं. बऱ्याच शाळांनी गणिताची अट काढूनच टाकली आहे. उलट हार्वर्ड आणि एमआयटी मिळून जो एचएसटी अभ्यासक्रम चालवतात, तिथे डिफरन्शियल इक्वेशन्सपर्यंतचं गणित लागतं. मेडिकल कॉलेजांच्या संघटनेची एमएसएआर म्हणून एक सूची आहे, त्यात शाळावार अटी दिलेल्या असतात. ती उघडून बसावं, आणि शंका राहिली तर त्या शाळेच्या प्रवेश कार्यालयाला लेखी विचारावं. शेजारच्या मुलीचं चाललं म्हणून आपल्या मुलाचं चालेल, हे धरून चालू नये.

आणखी एक गोष्ट. एपीच्या क्रेडिटला ग्रेड नसते, म्हणून सरासरीत त्याचा उपयोग नाही. ॲमकास बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांची सरासरी वेगळी काढतं. मग काही पालक मुलांना सांगतात, क्रेडिट सोडून दे, तेच कॅल्क्युलस कॉलेजात पुन्हा घे, आयता ए मिळेल. आणि काही सांगतात, क्रेडिट घे आणि गणिताचं तोंड पुन्हा पाहू नकोस. (हशा) दोघांचं मला मनापासून वाईट वाटतं. आज मी जे सांगायला आलोय ते हेच आहे. हायस्कूलमधलं क्रेडिट जरूर घ्यावं, हक्काने घ्यावं, पण त्यातून मोकळं झालेलं सत्र पुढच्या गणितावर खर्च करावं. डॉक्टर होणाऱ्या मुलाला गणितातून सूट देणं हे त्याच्या पेशंटच्या हिताचं नाही.

आता एक प्रसंग सांगतो. फळा आहे का? आहे, छान.

१९९४ साली ‘डायबेटिस केअर’ या मधुमेहावरच्या नामांकित नियतकालिकात एक लेख आला. ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट तुम्हाला माहीत आहे, इथल्या अनेकांनी दिलीही असेल. (हशा) उपाशीपोटी रक्त घ्यायचं, ग्लुकोजचं पाणी प्यायचं, मग अर्ध्या अर्ध्या तासाने रक्त घ्यायचं. आकडे आलेखावर मांडले की एक डोंगर दिसतो. त्या डोंगराखालचं क्षेत्रफळ किती, हे काढायची एक नवी रीत त्या लेखात दिली होती. वक्राचे उभे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा समलंब चौकोन धरायचा, आणि सगळ्यांची क्षेत्रफळं मिळवायची. रीत बरोबर आहे हे पडताळायला आलेखाच्या कागदावरच्या बारीक चौकटी मोजल्या होत्या.

मंडळी, याला समलंब नियम म्हणतात. एपी कॅल्क्युलसच्या वर्गात मी तो दरवर्षी शिकवत असे. बॅबिलोनच्या ज्योतिर्विदांनी गुरूच्या चालीवर हीच युक्ती वापरली होती, इसवी सनाच्याही आधी. मातीच्या विटांवर कोरलेला तो हिशेब २०१६ साली उकलला गेला. आणि विसाव्या शतकाच्या अखेरीला ती वैद्यकात नवी रीत म्हणून छापली गेली, तपासणाऱ्या तज्ज्ञांच्या नजरेखालून गेली, आणि पुढे शेकडो लेखांनी तिचा आधार घेतला. वाचकांची टीकेची पत्रं आली, नाही असं नाही. त्या लेखिकेला हसावं असं मला कधी वाटलं नाही. तिला पेशंटसाठी एक खरी गोष्ट हवी होती, आणि ती तिने स्वतःच्या बुद्धीने शोधून काढली. मला खटकतं ते हे, की तिच्या आसपासच्या इतक्या शिकलेल्या माणसांपैकी कुणाच्या हाताशी ते गणित नव्हतं. त्यांतल्या बहुतेकांनी कधी ना कधी कॅल्क्युलसची अट पुरी केली असणार.

आकडे घालून पाहू. एक पेशंट. उपाशीपोटी ९०, मग अर्ध्या तासागणिक १५०, १६०, १३०, ११०. लागून असलेल्या दोन आकड्यांची सरासरी घ्या: १२०, १५५, १४५, १२०. बेरीज ५४०. गुणिले तीस मिनिटं, १६,२००. त्याला १२० मिनिटांनी भागा. १३५ आले. ही दोन तासांची खरी सरासरी पातळी. आता दुसरा पेशंट. सुरुवातीला ९०, शेवटी ११०, पहिल्यासारखंच. पण मधले आकडे १९०, २२०, १७०. याच्या सरासऱ्या १४०, २०५, १९५, १४०. बेरीज ६८०. क्षेत्रफळ २०,४००, सरासरी १७०. टोकाचे दोन आकडे पाहणाऱ्याला दोघे सारखे दिसतील. मधला डोंगर पाहणाऱ्याला दिसणार नाहीत.

हे पुसू नका, पुन्हा लागेल.

कुणी म्हणेल, हा संशोधकांचा खेळ आहे. तसं नाही. व्हॅन्कोमायसिन नावाचं भारी अँटिबायोटिक आहे. फार झालं तर मूत्रपिंडाला इजा करतं, कमी पडलं तर जंतू मरत नाहीत. पुढच्या डोसच्या आधी रक्तातली पातळी मोजायची आणि त्या एका आकड्यावर डोस ठरवायचा, अशी वर्षानुवर्षं रीत होती. २०२० साली अमेरिकेतल्या तज्ज्ञ संघटनांनी, एमआरएसए या चिवट जंतूच्या गंभीर संसर्गापुरतं, ते बदललं. आता चोवीस तासांच्या वक्राखालचं क्षेत्रफळ ४०० ते ६०० च्या दरम्यान ठेवा असं सांगतात. म्हणजे वॉर्डात, पेशंटच्या उशाशी, हाच डोंगर. गणित संगणक करून देतो, खरं आहे. पण संगणकाने चुकीचा आकडा दिला तर तो चुकीचा आहे हे ओळखायला डॉक्टरच्या डोक्यात तो डोंगर असावा लागतो. (टाळ्या)

पुढच्या रांगेतले डॉक्टरसाहेब मान हलवतायत. साहेब, तुमचं म्हणणं मला समजतं. आपल्याकडे अकरावीला बी ग्रुप घेतला की गणित सुटतं, नीटमध्ये गणिताचा पेपर नाही, आणि तरी या गावात उत्तम डॉक्टर आहेत. मान्य, मी स्वतः त्यांच्याकडूनच औषध घेतो. मेडिकल कॉलेजांची संघटना आणि हॉवर्ड ह्यूज संस्था यांनी २००९ साली अहवाल दिला, तोही तुमच्या बाजूचा वाटेल. ठरावीक विषयांच्या अटींपेक्षा मुलाला काय करता येतं ते पाहा, असं त्यात होतं. एमकॅटमध्येही कॅल्क्युलस विचारत नाहीत. पण त्याच अहवालात संख्येने विचार करता येणं ही डॉक्टरची क्षमता म्हणून स्पष्ट मागितली आहे, आणि २०१५ पासूनच्या नव्या एमकॅटमध्ये आकडेवारीचा अर्थ लावायला लागतो, तोही कॅल्क्युलेटरशिवाय. कॅल्क्युलसची सक्ती सैल झाली याचा अर्थ गणित नको असा घरोघरी लावला गेला, आणि माझं भांडण त्या अर्थाशी आहे. तुमच्याशी नाही, साहेब. (हशा)

आणि स्टॅटिस्टिक्सचं काय होतं तेही बघा. १९७८ साली हार्वर्डशी जोडलेल्या रुग्णालयांतल्या साठ डॉक्टरांना आणि विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारला. आजार हजारात एकाला. तपासणी निरोगी माणसाला पाच टक्के वेळा चुकून आजारी ठरवते. एकाची तपासणी पॉझिटिव्ह आली, तर तो खरंच आजारी असण्याची शक्यता किती? सर्वांत जास्त वेळा आलेलं उत्तर होतं ९५ टक्के. हिशेब करा. हजारात आजारी एक, आणि चुकून पॉझिटिव्ह आलेले पन्नास. एक्कावन्नांत एक. दोन टक्के! बरोबर उत्तर देणारे साठांत अकरा होते. २०१४ साली पुन्हा विचारलं, तेव्हा एकसष्टांत चौदा. ज्या पेशंटला ९५ टक्के सांगितलं जातं, त्याची त्या रात्रीची झोप कशी असेल हे मी वेगळं सांगायला नको.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. पाच मिनिटं. (हशा) मी दामोदर धर्मानंद कोसंबींवर सविस्तर बोलणार होतो, आता चार वाक्यांत सांगतो. इतिहासकार म्हणून आपण त्यांना ओळखतो. मूळचे गोव्याचे, आणि फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवायचे. तिथे असताना, १९४४ साली, त्यांनी गुणसूत्रावरच्या जनुकांमधलं अंतर काढायचं एक सूत्र दिलं. ते एका छोट्या डिफरन्शियल इक्वेशनमधून येतं, बीसी कॅल्क्युलस नीट केलेल्या मुलाला सोडवता यावं असं. जगभरचे जनुकशास्त्रज्ञ आजही जनुकांचे नकाशे काढताना ‘कोसंबी’ असं नाव घेऊन ते वापरतात. जीवशास्त्राच्या दारात गणित घेऊन जाणारा माणूस आपल्याच घरातला होता, हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही. यावर पुढल्या वर्षी बोलवाल तर पूर्ण व्याख्यान देईन. (टाळ्या)

शेवटचं, आणि हे फक्त ज्यांनी हात वर केले होते त्यांच्यासाठी. आता घरी जाल तेव्हा तिकडे सकाळ असेल, फोन कराल. नातवाला विचारा, एपी कॅल्क्युलसचं क्रेडिट कॉलेजच्या गुणपत्रकावर विषयाच्या नावानिशी आणि क्रेडिटच्या आकड्यासह उतरलंय का? नसेल तर रजिस्ट्रारकडून आत्ताच उतरवून घ्यायला सांगा, अर्जाच्या वर्षी धावाधाव नको. ज्या मेडिकल स्कूलमध्ये जायचंय त्यांच्या अटी एमएसएआर सूचीत बघायला सांगा. आणि क्रेडिट मिळालं असेल तर येत्या सत्रात स्टॅटिस्टिक्सला नाव घालायला सांगा, जमलं तर त्यानंतर डिफरन्शियल इक्वेशन्सला. तो म्हणेल, आजोबा, अट नाहीये. त्याला म्हणावं, अट नसली तरी घे, तुझ्या पेशंटला लागणार आहे.