पांदणीची दौड छोटीच राहू द्या

(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



मला पाच मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय आपल्या रविवारच्या दौडीचा. ‘दौड’ हा शब्द जरा मोठाच झाला. पहाटे गेटपाशी जमायचं, पांदणीनं मोसंबीच्या बागांमधून नाल्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. जाऊन-येऊन साधारण ५ किलोमीटर. कुणी पळतं, कुणी चालतं, कुणी नुसतंच बोलतं.

सुरुवात झाली ती महामार्गामुळे. धुळे-सोलापूर रस्त्याच्या कडेनं फिरायला जायचं म्हणजे जीव मुठीत धरून. म्हणून आपण आत, मातीच्या वाटेला वळलो. डांबरावर गुडघ्यांना बसतो तेवढा दणका मातीत बसत नाही. नजर मात्र खाली ठेवावी लागते. चाकोऱ्या असतात, दगड असतात, ठिबकच्या नळ्या असतात. पावसाळ्यात आपली काळी माती बुटाला अशी धरते की पाय उचलेना. त्या दिवशी फक्त चालायचं. उन्हाळ्यात ऊन तापायच्या आत घरी. आणि आंबे बहराची फुलं आली की त्या वासासाठी तरी एकदा या, एवढंच सांगतो.

आपले नियम तीनच. बागेतलं फळ तोडायचं नाही. शेताचं फाटक उघडलं तर लावून घ्यायचं. आणि सगळ्यात हळू येणाऱ्याच्या सोबतीला नेहमी एक जण थांबायचं. वेग किती? पळताना शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. धाप लागून बोलणं तुटलं की चालायला लागा.

आता मुद्द्याचं. रौप्यमहोत्सवानिमित्त या दौडीला मोठं रूप द्यावं, अशी सूचना समितीपुढे आली आहे. प्रवेश शुल्क, छापील टी-शर्ट, छातीवर नंबर, पहिल्या तिघांना पदक. हेतू चांगलाच आहे. तरी माझा विरोध आहे आणि तो सगळ्यांसमोर सांगतो.

स्पर्धेला मी नावं ठेवत नाही. शेजारच्या बीड जिल्ह्यातला, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ मध्ये बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेस ८ मिनिटं ११.२० सेकंदांत धावला. रौप्यपदक मिळालं, सुवर्ण हुकलं ते ०.०५ सेकंदानं. तिथं घड्याळ हवंच. पण आपल्याकडे रविवारी कोण येतं ते बघा. शेवटच्या ओळीतल्या मावशी साडीवरच येतात. डॉक्टरांनी शुगरसाठी चालायला सांगितलं, पण एकटीनं रस्त्यावर निघायला त्यांना संकोच वाटायचा. दोन वर्षं झाली, त्यांचा रविवार चुकलेला नाही. नंबर लावायचा असं कानावर गेल्यावर परवा म्हणाल्या, “मग मी घरीच बरी, बाबा. तुमची शर्यत झाली की सांग.”

लंडनच्या बुशी पार्कमध्ये २००४ साली १३ जण असेच पळाले होते. त्यातून ‘पार्करन’ उभं राहिलं. आज कितीतरी देशांत दर आठवड्याला ५ किलोमीटर पळणं-चालणं होतं आणि पैसे अजूनही घेत नाहीत. म्हणजे वाढायला शुल्क आणि पदकं लागतातच असं नाही.

सहकारी संस्थेत कुणाचं घर मोठं, कुणाचं लहान. मत मात्र प्रत्येकाला एकच. दौडीतही तसंच असावं. पदकांसाठी धरलेल्या पैशांत प्रथमोपचाराची पेटी आणि अंधाऱ्या पहाटेसाठी चार बॅटऱ्या घ्या. मुलांना शर्यत हवी असेल तर मैदानावर वेगळी ठेवा. शिट्टी वाजवायला मी येतो.

येत्या रविवारी नेहमीप्रमाणे पावणेसहाला गेटपाशी. शर्यत नाही, असं मी मावशींना सांगून ठेवलंय. तो शब्द राखायचा की नाही, ते आता सभेनं ठरवायचं.