तापातील आकडी : पहिली पाच मिनिटे



तापाने फणफणलेले मूल एकाएकी ताठ होते, डोळे फिरवते, हातपाय झाडू लागते. तोंडाला फेस येतो, ओठ निळसर पडतात. मूल हातचे गेले, असेच आईला वाटते. मग घरात धावाधाव होते. कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी दातखीळ उघडण्यासाठी चमचा खुपसतो, कुणी तोंडात पाणी ओततो. साध्या आकडीने होत नाही एवढी इजा या उपचारांनी होऊ शकते. चमच्याने दात मोडतो, पाणी श्वासनलिकेत उतरते. जीभ गिळली जाते, ही समजूत तर निव्वळ निराधार आहे.

ही आकडी मुख्यतः ६ महिने ते ५ वर्षे या वयात येते, आणि शंभरांतील २ ते ५ मुलांना केव्हा ना केव्हा येते. अंगणवाडीतील बालकांचे वय जवळजवळ हेच. वाढत्या वयातील मेंदू तापाला असा प्रतिसाद देतो. त्यात कोणाचा कोप नाही, आणि हा अपस्मारही नव्हे. बहुतेक आकड्या काही मिनिटांत आपोआप थांबतात. तोवर मुलाला सपाट जागी कुशीवर निजवावे, गळ्याजवळचे कपडे सैल करावेत, हातपाय दाबून धरू नयेत आणि घड्याळ पाहावे. त्या घटकेला घड्याळाचे भान राहणे कठीण, हे खरे. पण आकडी किती वेळ टिकली, हे डॉक्टर हमखास विचारतात. ५ मिनिटांनंतरही झटके चालू राहिल्यास १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी, अथवा मिळेल त्या वाहनाने रुग्णालय गाठावे.

आकडी थांबली तरी तपासणी त्याच दिवशी व्हावी, कारण ताप कशाचा हे कळणे अधिक महत्त्वाचे. मूल शुद्धीवर येत नसेल, मान ताठ असेल, उलट्या थांबत नसतील, तर मेंदूज्वराची शंका घ्यावी. गडचिरोलीसारख्या हिवतापाच्या प्रदेशात रक्ततपासणीस विलंब नको. फाल्सिपेरम हिवताप मेंदूत शिरला तर त्यातही असेच झटके येतात.

तिघांपैकी सुमारे एका मुलाला अशी आकडी पुन्हा येते. पॅरासिटामॉलने मुलाला आराम पडतो, पण आकडी टळतेच असे नाही. तेव्हा वेळेवर औषध दिले नाही म्हणून आईला बोल लावणे अन्यायाचे ठरेल. साध्या आकडीने बुद्धीही मंदावत नाही. असे मूल पुढे शाळेत आले, तर त्याला फेफरेकरी म्हणून वेगळे बसविण्याचे कारण नाही.