आजारी कामगाराची सही कोण करणार?



चेन्नईहून बंगळूरच्या रस्त्याला लागले की श्रीपेरुंबुदूर येते. तेथून सुंगुवारछत्रमपर्यंत मोटारी, टेलिव्हिजन, मोबाइल फोन यांचे कारखाने पसरले आहेत. आपल्या चाकण-रांजणगावसारखाच हा पट्टा. तिथल्या फॉक्सकॉनच्या कारखान्यात आयफोन जोडले जातात. जोडणाऱ्या बहुतेक तरुण मुली, बऱ्याचशा कंत्राटदारामार्फत आलेल्या आणि वसतिगृहात राहणाऱ्या.

डिसेंबर २०२१ मध्ये पूनमल्लीच्या एका वसतिगृहात जेवणातून विषबाधा झाली. २५० हून अधिक मुली आजारी पडल्या आणि १५९ जणींना रुग्णालयात ठेवावे लागले. मृत्यू एकीचाही झाला नाही. पण दोन दिवसांनीही काही मैत्रिणी कामावर दिसेनात, तेव्हा त्या दगावल्या अशी बातमी फिरली आणि हजारो मुलींनी महामार्ग अडवला. कारखाना बंद पडला, तो १२ जानेवारी २०२२ ला उघडला.

अफवेने भडका उडाला, एवढे म्हणून हा विषय मिटवता येतो. परंतु मैत्रीण कोणत्या रुग्णालयात आहे आणि तिला काय झाले आहे, हे सोबतच्या मुलींना विश्वासाने कळले असते, तर त्या अफवेला कोण विचारणार होते?

आपल्याकडे काय होते पाहा. पाळीवर कोणी कोसळले की गाडीत सुपरवायझर बसतो किंवा कंत्राटदाराचा माणूस. बिल तोच भरणार, म्हणून डॉक्टर बोलतात त्याच्याशीच. कामगार बिहारचा किंवा ओडिशाचा, फॉर्म भलत्याच भाषेत. "इथे सही कर" एवढेच त्याच्या कानावर पडते. कधी तेवढेही नाही.

सर्वोच्च न्यायालयाचा १६ जानेवारी २००८ चा एक निकाल प्रत्येक युनियन कार्यालयात असायला हवा. एका महिलेने फक्त तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलीखाली असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईला विचारले आणि गर्भाशय व बीजांडकोश काढून टाकले. न्यायालयाने सांगितले की रुग्ण सज्ञान आहे आणि जिवावरचा प्रसंग नाही, तेव्हा आईची संमती चालणार नाही. शुद्धीवर येईपर्यंत थांबायला हवे होते. जन्मदात्या आईची सही चालत नाही, तिथे सुपरवायझरची कशी चालेल? प्राण वाचवण्याची वेळ असेल तर सहीसाठी खोळंबू नये, हे उघडच आहे.

हा प्रश्न फक्त तमिळनाडूचा समजू नका. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांची पाहणी राज्य सरकारच्या समितीने २०१९ मध्ये केली, तेव्हा सुमारे ८२,००० स्त्रियांपैकी १३,००० हून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. कागदावर संमती असेलही. पण खाडा झाला की मुकादम पैसे कापतो आणि डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. अशा बाईने दिलेल्या होकाराला मी तरी संमती म्हणणार नाही.

आणि "ईएसआयचे फुकट आहे, मुकाट्याने घ्या" हे कोणाचे ऐकू नका. फुकट काही नाही. जुलै २०१९ पासून पगाराच्या पाऊण टक्का आपला आणि सव्वातीन टक्के मालकाचा, असा दर ठरला. या वर्गणीमुळेच ईएसआय रुग्णालयातला रुग्णही ग्राहक ठरतो, असा सर्वोच्च न्यायालयाचा २००७ चा निकाल आहे. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागितल्यावर ७२ तासांत केसपेपर द्यायचे असतात. मागून पाहा, पहिल्या खेपेला मिळतीलच असे नाही. लेखी मागा, पोच घ्या.

उलट बाजूही आहे. रजेपुरता दाखला कंपनीने मागावा, पण पूर्ण रिपोर्ट पर्सोनेल खात्याच्या टेबलावर कशाला? बाईला दिवस गेले आहेत की नाही, कोणाला क्षय आहे, हे सांगायचे की नाही ते तिने किंवा त्याने ठरवावे.

म्हणून पुढच्या करारात एक कलम घालून घ्या, कंत्राटी कामगारांसह. भरतीच्या दिवशीच प्रत्येकाने दोन नावे लिहून द्यावीत: घरचे एक आणि सोबतच्या कामगाराचे एक. रुग्णालयात नेले की रुग्णालयाचे नाव त्या दोघांना ताबडतोब कळवावे, आणि सोबत जाणाऱ्या कामगाराची ती पाळी भरपगारी धरावी. त्याला रुग्णाची भाषा येत असावी.