बेचाळिसावा दिवस

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन नागपुरात भरतं आणि रस्त्यावर मोर्चे सुरू होतात. बर्डीत अडकलेले आपण ऑटोत बसून वैतागतो. त्या मोर्चांत आशाताई, म्हणजे गावोगावच्या आरोग्य स्वयंसेविका, पुष्कळदा असतात. त्यांचं म्हणणं एका हिशेबातून सांगावंसं वाटतं.

बाळ दवाखान्यात जन्मून घरी आलं, की आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी त्या घरी जायचं. बाळाला झोळीत घालून काट्याला टांगायचं, ताप बघायचा, घड्याळ धरून मिनिटभर श्वास मोजायचे. ही रीत आपल्याच विदर्भातली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं गडचिरोलीतल्या ३९ गावांत ती करून दाखवली. तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकानं ते छापलं.

रीत देशभर गेली, तेव्हा तिला दर लागला. केंद्राच्या २०११ च्या सूचनांत सगळ्या फेऱ्यांचे मिळून २५० रुपये. फेरीमागे बेचाळीस रुपयेसुद्धा नाहीत. तेही अटींवर: वजनाची नोंद, लसी, जन्मनोंदणी आणि बेचाळिसाव्या दिवशी मायलेकरू सुखरूप. बाळ पस्तिसाव्या दिवशी गेलं, तर पाच फेऱ्या केलेल्या बाईच्या हाती काय? शिंप्यालासुद्धा आपण असं वागवत नाही.

‘काम दाखवा, पैसे घ्या’ हा खासगी कंपन्यांचा खाक्या १९८० नंतर ब्रिटन, न्यूझीलंडच्या सरकारांनी उचलला. आपल्याकडे २००५ मध्ये आशा आली ती याच वळणानं: पगार नाही, कामागणिक मोबदला. नाव ‘स्वयंसेविका’, म्हणून किमान वेतनही नाही. केंद्रानं २०१८ मध्ये ठरावीक कामांचे महिना २,००० केले. राज्यानं मार्च २०२४ मध्ये ५,००० वाढवले, तेही संप आणि मुंबईत आझाद मैदानावरचं आंदोलन झाल्यावर.

दर लागतो तो मोजता येणाऱ्या कामाला. सपरीत तासभर बसून सासूची समजूत काढली, याला रजिस्टरात रकाना नाही. मग थकलेली बाई रकाना असलेल्या कामाकडे आधी वळली, तर दोष कुणाला द्यायचा?

एका ताईंना विचारलं, ‘बाळ गेल्यावर त्या घरी जाता का?’

‘जातो ना जी,’ त्या म्हणाल्या. ‘माय तर हाये न.’